आंबोलीच्या मुख्य धबधब्यावर सोयी करायच्या तर आधी काय व्हायला हवं?

वाडीचा_पाऊस

नमस्कार मंडळी. मी राहायला सावंतवाडीत, आजोळ आंबोली. ज्यांनी हा धबधबा पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सावंतवाडीहून दाणोली सोडलं की घाट सुरू होतो आणि आंबोली गाव यायच्या थोडं आधी एका वळणावर पाणी अगदी रस्त्याला लागूनच कोसळतं, पायऱ्या चढून गेलं की थेट धारेखाली उभं राहता येतं. ट्रेक नाही, जंगलातली वाट नाही, गाडीतून उतरलं की धबधबा. त्यामुळे आजी-आजोबांपासून कडेवरच्या बाळापर्यंत सगळे येतात, आणि गर्दीचा सगळा गोंधळही त्यामुळेच होतो.

जुलै-ऑगस्टचे शनिवार-रविवार तर विचारूच नका. कोल्हापूर, बेळगाव आणि गोवा तिन्हीकडची माणसं एकाच वळणावर येऊन थांबतात, गाड्या दोन्ही बाजूंना लावलेल्या, मधे धुकं, धुक्यातून चालणारी भिजलेली माणसं, आणि मधोमध अडकलेली एसटी. कंडक्टर खाली उतरून एकेका गाडीच्या काचेवर टकटक करतो, आरसे आत घ्यायला लावतो आणि हातभर अंतरातून गाडी काढून देतो. हा साधा गावरस्ता नाही हो, संकेश्वर-बांदा महामार्ग आहे, याच रस्त्याने पेशंट खाली न्यायचे असतात.

आता गावातल्या काही पोरांनी मिळून ग्रामपंचायत, वनखातं आणि रस्त्याचं खातं अशा तिघांना एक निवेदन द्यायचं ठरवलंय आणि लिहायचं काम माझ्याकडे आलंय. पण चर्चेला बसलं की जो तो मोठमोठं सुचवतो. आपल्याच जिल्ह्यात वैभववाडीच्या नापणे धबधब्यावर २०२५ मध्ये काचेचा पूल झाला, तसा इथेही हवा म्हणे. कुणाला रात्रीचे रंगीत लाईट हवेत, कुणाला सेल्फी पॉइंट, कुणाला कमान. माझं मत वेगळं आहे. मला वाटतं की आधी संडास-बाथरूम, गाड्यांची सोय आणि म्हाताऱ्या माणसांना नीट उभं राहून बघता येईल अशी जागा, एवढं झालं तरी निम्म्याहून जास्त त्रास संपेल. माझ्या आईला गुडघ्यांमुळे पायऱ्या चढवत नाहीत, ती गाडीतच बसून काच खाली करून बघते, आणि पुढे कुणाची तरी उंच गाडी उभी असेल तर तेही दिसत नाही.

तर विचारायचं एवढंच, तुमच्या बघण्यात कुठे धबधब्याच्या ठिकाणी हे नीट जमवलंय का? आणि आंबोलीला येऊन गेला असाल तर तुम्हाला सगळ्यात जास्त काय खटकलं? बांधकामातलं कळणारं कुणी असेल तर त्यांनी जरूर लिहा, अंदाजपत्रकात काय घालायचं ते आम्हाला कळत नाही.

बेळगावची_मी

खटकतं काय ते सांगते, आणि हे पुरुष मंडळींच्या निवेदनात हमखास शेवटी कुठेतरी एका ओळीत येतं म्हणून आधीच सांगते. बायकांना कपडे बदलायला धड जागा नाही. ओल्या कपड्यांत दोन तास गाडीत बसून घरी जायचं नाहीतर गाडीची दोन्ही दारं उघडायची, मधे उभं राहायचं, एका बहिणीने इकडून ओढणी धरायची, दुसरीने तिकडून टॉवेल, आणि वाऱ्याने तेही उडतं. शेजारच्या गाडीतली चार टाळकी मुद्दाम तिकडेच तोंड करून उभी असतात. मी माझ्या मुलीला, ती आता दहावीत आहे, या एका कारणासाठी धारेखाली जाऊ देत नाही. तिला पाणी इतकं आवडतं, पण नाही जाऊ देत.

खोली बांधली आणि सोय झाली असं समजू नका. खोलीला आतून कडी, वर लाईट, कपडे अडकवायला खुंटी आणि ओला टॉवेल ठेवायला कोरडा कट्टा पाहिजे, आणि बाहेर पगारी बाई बसलेली पाहिजे. बाई नसेल तर पहिल्या रविवारीच कडी तुटते, दुसऱ्या रविवारी आत बाटल्या पडतात आणि तिसऱ्या रविवारपासून कुणी आत जात नाही. अशा बांधून ओस पडलेल्या खोल्या मी किती ठिकाणी बघितल्यात.

तामिळनाडूत कुट्रालमला जाऊन या एकदा. तिथे अंघोळीसाठीच लोक येतात, गर्दी आपल्यापेक्षा कितीतरी जास्त, पण मोठ्या धबधब्याखाली बायकांची जागा वेगळी, पुरुषांची वेगळी, मधे भक्कम लोखंडी कठडे, आणि पोलीस उभे. पाणी वाढलं की अंघोळ बंद म्हणजे बंद, कुणाची ओळख चालत नाही. मी तिथे माझ्या सासूबाईंना धारेखाली उभं केलंय, आंबोलीला आम्ही त्यांना खिडकीतूनच दाखवतो.

जांभादगड

वाडीचा_पाऊस, तुम्ही बांधकामाचं विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो. सिव्हिलवाला आहे, कोकणात बरीच वर्षं कामं केलीत.

पहिली गोष्ट, संडास. निवेदनात नुसतं "शौचालय बांधावे" असं लिहू नका, कारण मग कुणीतरी नेहमीचा नकाशा काढून सेप्टिक टँक आणि शोषखड्डा असं अंदाजपत्रक करून टाकेल. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही मुख्यतः चार महिन्यांत. जून संपेपर्यंत जमीन इतकी भरलेली असते की शोषखड्ड्यातलं पाणी शोषलं जातच नाही, उलट बाहेरचं पाणी खड्ड्यात शिरतं आणि मग तो वरून वाहायला लागतो. आणि आपण आहोत घाटात, म्हणजे जे वरून वाहणार ते खालच्या ओढ्यात, ओढ्यातून खालच्या गावाच्या पाण्यात. गर्दीचा सीझन आणि खड्डा निकामी व्हायचा सीझन एकच, हे लक्षात घ्या. म्हणून टाकी पूर्ण बंद हवी, खालून-वरून गळती नसलेली, आणि मैला उपसायला टँकर येऊ शकेल अशा जागी हवी. टँकरचा वर्षाचा खर्च तिकिटाच्या पैशातून कुणी द्यायचा हे त्याच कागदावर लिहून घ्या. कुणी बायो-टॉयलेट सुचवलं तर तेही चालेल, पण त्यात फिनेल आणि ॲसिड ओतलं की आतले जिवाणू मरतात आणि ते साधं घाण संडास होऊन बसतं, म्हणजे तिथेही शिकवलेलं माणूस लागणारच. बेळगावची_मी म्हणतात ते अगदी बरोबर, माणसाचा पगार आधी धरा आणि मग भिंतींचा खर्च.

दुसरं, पायऱ्या. टाइल्स, ग्रॅनाइट, गुळगुळीत कोबा यातलं काही म्हणजे काही लावू देऊ नका. पंधरा दिवस पाऊस लागला की शेवाळ धरतं आणि पाय टिकत नाही. खडबडीत फिनिश, प्रत्येक पायरीला पुढे अगदी हलका उतार म्हणजे पाणी साचणार नाही, पायऱ्यांच्या कडेने वेगळी गटार म्हणजे वरून येणारं पाणी पायऱ्यांवरून वाहणार नाही, आणि सीझनभर आठवड्याला एकदा तारेच्या ब्रशने घासणं. घासायचं काम कुणाचं ते ठरलेलं नसेल तर वरचं सगळं फुकट. चढणाऱ्यांची आणि उतरणाऱ्यांची बाजू वेगळी करायला मधून एक रेलिंग टाका, निम्मी घसरापडी समोरून येणाऱ्याला जागा देताना होते. रेलिंगचा पाइप गरम जस्तात बुडवलेला घ्या, नुसता रंगवलेला पाइप त्या हवेत दोन पावसाळ्यांत आतून खातो आणि बाहेरून चांगला दिसतो, आणि माणूस विश्वासाने त्याच्यावर भार टाकतो.

तिसरं, धबधब्याच्या कातळाला हात लावू नका. पायाला खाच मारा, बोल्ट मारा, भिंत घालून पाणी एका बाजूला वळवा, असलं काही सुचवणारे भेटतील. जिथे पाणी कोसळतं तिथला खडक आधीच भेगाळलेला असतो, त्यात ड्रिल करून आपण पुढच्या दगडपडीची सोय करून ठेवतो. जे बांधायचं ते पाण्यापासून लांब, रस्त्याच्या बाजूला.

जागा वनखात्याची असेल तर साधी खोली बांधायलाही १९८० च्या वन संवर्धन कायद्याखाली परवानगीचा प्रश्न येतो, म्हणून वनखातं पहिल्या बैठकीपासून सोबत घ्या. पैसे जिल्हा नियोजनातून मंजूर होऊन पडून आहेत आणि जागेची परवानगी नाही, असं झालेली कामं कमी नाहीत.

दरीतला_दोर

मी रेस्क्यू टीमबरोबर स्वयंसेवक म्हणून जातो, सह्याद्रीत वेगवेगळ्या ठिकाणी बोलावणं येतं. वरच्या दोघांचं पटतं पण माझ्या दृष्टीने सगळ्यात पहिली सोय म्हणजे लोकांना पाण्यातून वेळेवर बाहेर काढणारा माणूस. बाकी सगळं नंतर.

३० जून २०२४ ला लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या बाजूला एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले, व्हिडिओ सगळ्यांनी बघितलाय, एकमेकांना धरून प्रवाहाच्या मधोमध उभे होते. आणि वर ताईंनी कुट्रालमचं चांगलं उदाहरण दिलंय, व्यवस्था खरोखर चांगली आहे, पण मे २०२४ मध्ये तिथल्याच जुन्या धबधब्यावर अचानक लोंढा आला आणि एक शाळकरी मुलगा गेला. कठडे होते, तरीही. कारण पाऊस वर डोंगरात पडतो आणि खाली अंघोळ करणाऱ्यांच्या अंगावर ऊनही असू शकतं. धबधब्याखाली उभ्या माणसाला काही ऐकू येत नाही, वर बघता येत नाही, त्याला फक्त मजा येत असते.

पाणी येण्याआधी खुणा दिसतात. स्वच्छ पांढरी धार मातकट व्हायला लागते, पानं-काटक्या यायला लागतात, आवाज जड होतो, आणि कधीकधी बारीक खडे पडायला लागतात. हे ओळखणारे लोक आंबोलीत घराघरात आहेत, गुरं घेऊन फिरणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. अशा दोन माणसांना सीझनभर पगारावर ठेवा, एक वर पाणी जिथून येतं तिथे आणि एक खाली, दोघांकडे वॉकीटॉकी, कारण घाटात मोबाईलच्या रेंजवर भरवसा ठेवून चालत नाही. खालच्याकडे शिट्टी आणि हातात अधिकार. शिट्टी वाजली की सगळे बाहेर, तिकिटाचे पैसे परत मागायचे नाहीत, हे तिकिटावरच मोठ्या अक्षरात छापा. मराठी, कोंकणी, कन्नड, हिंदी सगळ्यात छापा, येणारे लोक तेवढ्या भाषांचे आहेत.

कातळावर लाल रेघ मारून ठेवा, पाणी रेघेला टेकलं की बंद. रेघ कुठे मारायची ते गावातल्या जुन्या माणसांना विचारून ठरवा. याने वाद मिटतात हो, नाहीतर "अजून दहाच मिनिटं" म्हणून हुज्जत घालणारा आणि त्याच्याशी भांडणारा गार्ड असं दिवसभर चालतं.

आणि दारू पिऊन आलेल्यांना पायऱ्यांच्या तोंडाशीच अडवा. आमची किती कामं त्यातून येतात ते सांगत बसत नाही. सरसकट बंदीच्या मी विरोधात आहे, मुख्य जागा बंद केली की लोक घरी जात नाहीत, ते कुठल्यातरी आडबाजूच्या धारेकडे वळतात जिथे ना पायऱ्या, ना माणूस, ना रस्ता, आणि आम्हाला तिथून काढायला निम्मी रात्र जाते. इथे रस्त्यालगत, लोकांच्या नजरेसमोर, सांभाळून अंघोळ करू देणं जास्त सुरक्षित आहे.

घाटातली_टपरी

सगळे छान लिहितायत पण आमचं कोण बोलणार म्हणून लिहितोय. आमच्या घरची टपरी आहे, भजी, चहा, कणसं. पार्किंग वर गावात नेणार असं दर वर्षी कुणीतरी बोलतं. गाड्या वर थांबल्या की माणूस वरच खाणार, वर हॉटेलं आहेत मोठी, बाहेरच्यांनी घेतलेली. खाली धबधब्यावर येऊन परत बसमध्ये बसून निघून जाणार. आमचा धंदा आहे चार महिन्यांचा, त्यातल्या आठ-दहा रविवारांवर पोरांच्या फिया जातात. वाडीचा_पाऊस, तुमचो आजोळ हयच आसा म्हणून सांगतंय, खरा सांगूचा तर गर्दीचो त्रास आमकाच जास्त होता. लोक येतत, भजी खातत आणि कचरो आमच्या दारात टाकून जातत, तो सोमवारी आम्हीच उचलतो. पण म्हणून आम्हाला उठवून सोय करणार असाल तर आमची सही नाही.

आणखी एक. तिकीट घेतात, त्या पैशाचं काय होतं ते बोर्डावर लिहा. किती जमले, कुणाच्या पगाराला गेले, किती साफसफाईला गेले. धबधबा कुणाच्या हद्दीत यावरून गावागावांत बोलणी होतात, ती पैशावरूनच होतात. हिशेब भिंतीवर असला की निम्मी भांडणं होणार नाहीत.

माकडांचं पण लिहा कुणीतरी. लोक गाडीतून चिप्सचं पाकीट दाखवतात, ती आता लहान पोरांच्या हातातलं ओढून घेतात. आमच्या छपरावर दिवसभर बसलेली असतात.

बेडूकरात

पार्किंगचा विषय निघालाच आहे तर कळकळीची विनंती आहे, तुमच्या निवेदनात हे नक्की घ्या. "गावाजवळ मोकळी पडीक जागा भरपूर आहे, तिथे पार्किंग करा" असं जे बोललं जातं ती मोकळी जागा म्हणजे बहुतेक वेळा सडा असतो, जांभ्याचं उघडं पठार. उन्हाळ्यात बघितलं तर काळा कातळ, गवताची काडी नाही, कुणालाही वाटेल की इथे काय आहे. पहिल्या पावसात त्याच कातळावरच्या बोटभर खोल डबक्यांत आंबोली टोड अंडी घालतो. हा भेक २००९ मध्ये शास्त्रीयदृष्ट्या वेगळी जात म्हणून नोंदला गेला आणि अतिसंकटग्रस्त यादीत आहे, जगात आंबोलीच्या परिसरापलीकडे तो जवळजवळ नाहीच. डबकी इतकी उथळ की चार दिवस पाऊस थांबला तर पिल्लं सुकून मरतात, त्यांना मोठं व्हायची घाई असते. त्यावर मुरूम टाकून रोलर फिरवला की संपलं, परत तयार होणारी जागा नाही ती.

आंबोलीला लोक आता फक्त धबधब्यासाठी येत नाहीत. रात्री टॉर्च घेऊन बेडूक आणि चापडा साप बघायला लांबून लोक येतात, गावातल्या मुलांना गाईड म्हणून काम मिळतं, हिरण्यकेशी नदीच्या उगमाजवळ सापडलेल्या माशाला तिथलंच नाव मिळालं आणि ती जागा २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ झाली. ही कमाई पावसाळ्यातल्या आठ-दहा रविवारांपुरती नाही.

म्हणून धबधब्यावर रात्रीचे फ्लडलाईट तर अजिबात नकोत. उजेडाला किडे येतात, किड्यांमागे बेडूक रस्त्यावर येतात, बेडकांमागे साप, आणि मग सकाळी डांबरावर चिकटलेले दिसतात. पावसाच्या रात्री घाटातून एकदा सावकाश गाडी चालवून बघा. संध्याकाळी सहा-साडेसहाला धबधबा बंद, बत्ती नाही, एवढं सोपं आहे.

पार्किंगला आधीच डांबर किंवा सिमेंट झालेल्या जागा वापरा. शाळेची मैदानं रविवारी रिकामी असतात, शाळेला त्याचं भाडं मिळू दे. हॉटेलवाल्यांच्या आवारात जागा असते, त्यांच्याशी बोला.

कृष्णाकाठ

साताऱ्याकडचा आहे, कास पठाराचा अनुभव सांगतो. २०१२ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं आणि गर्दीने आम्ही घाबरलो होतो, फुलं तुडवली जात होती, रस्ता दिवसभर जाम. मग दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा आली, ऑनलाईन बुकिंग आलं, गाड्या लांब लावायच्या आणि तिथून छोट्या बसने यायचं असं सुरू झालं. सगळं सुरळीत आहे असं अजिबात नाही, सुट्टीच्या दिवशी अजूनही वैताग होतो, बुकिंग न करता आलेले गेटवर हुज्जत घालतात. पण महत्त्वाचं हे की काम आसपासच्या गावांच्या समितीकडे आहे, वनखात्याबरोबर. गेटवरचा पोरगा गावातला, गाईड गावातला, झाडणारी बाई गावातली. म्हणून लोक नियम पाळून घेतात, कारण पोट त्याच्यावर आहे.

घाटातली_टपरी यांचा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. बस सुरू करायची तर टपरीवाल्यांना धरूनच करा. वर जिथे माणूस बसमध्ये चढतो तिथे खाण्याचे गाळे बांधणार असाल तर पहिला हक्क त्यांचा, असं आधी ठरवा. आणि आंबोलीला तर महामार्ग आहे, कासला जशी माणसं मोजता येतात तशी इथे मोजता येणार नाहीत, जाणारा-येणारा थांबणारच. म्हणून तिकिटाची मर्यादा पायऱ्या चढून धारेखाली जाणाऱ्यांवर ठेवा, एका वेळी अमुक इतके आणि अर्ध्या तासाने पुढचे. रस्त्यावरून नुसतं बघणाऱ्याला तिकीट नको.

दोन_चाकं

मी व्हीलचेअरवर असतो, कोल्हापुरात राहतो. वाडीचा_पाऊस, तुमच्या आईचं वाचून लिहावंसं वाटलं. आम्हाला कुणी धारेखाली नेऊन उभं करायची गरज नाही. आंबोलीचं वैशिष्ट्यच हे आहे की एवढा मोठा धबधबा रस्त्याच्या पातळीवरून दिसतो, असं महाराष्ट्रात फार ठिकाणी नाही. बाकी ठिकाणी मला फोटोच बघावे लागतात. म्हणजे इथे सरकारला जवळजवळ काहीच न करता आमच्यासारख्यांची सोय करता येते, फक्त समोरची जागा गाड्यांनी अडवू नका.

मला काय लागतं ते स्पष्ट सांगतो. धबधब्यासमोर रस्त्याच्या कडेला पंधरा-वीस मीटर लांबीचा सपाट पट्टा, गाड्यांपासून ठोकळ्यांनी वेगळा केलेला. रस्त्यापेक्षा उंच केलात तर रॅम्प हवा आणि रॅम्पचा उतार एकास बारा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी, त्यापेक्षा उभा केला तर ओल्या चाकांनी मागे घसरायला होतं. कठडा उभ्या गजांचा हवा. भिंत बांधली किंवा आडवे जाड पाइप टाकले की ते बरोबर बसलेल्या माणसाच्या डोळ्यासमोर येतात, मी किती ठिकाणी पाइपच्या फटीतून निसर्ग बघितलाय. हेच लहान मुलांनाही लागू. एक बाक, वर छप्पर, म्हणजे म्हातारी माणसं पावसात बसून निवांत बघतील. अपंग कार्ड असलेल्या एक-दोन गाड्यांना तेवढं समोर येऊन उतरवून परत वर जाऊ द्या. आणि एका संडासाचं दार रुंद ठेवा, उंबरठा नको, आत खुर्ची फिरायला जागा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने हे द्यावंच लागतं, निवेदनात कायद्याचं नाव टाका म्हणजे कुणी "बघू नंतर" म्हणणार नाही.

कुणी काचेच्या पुलाचं म्हटलं की मी विचारतो, तिथपर्यंत माझी खुर्ची जाते का? तो पैसा या पट्ट्यावर खर्च केला तर वर्षानुवर्षं माझ्यासारखे, तुमच्या आईसारखे, पोटुशी बाया, ऑपरेशन झालेले, सगळे येऊन बघतील.

वाडीचा_पाऊस

एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री बसून मसुदा केला, आईलाही वाचून दाखवला. मुद्दे असे घेतलेत, चुकलं तर सांगा.

पहिल्या पावसाळ्यात बांधकाम शून्य. सीझनचे शनिवार-रविवार आणि पंधरा ऑगस्ट या दिवशी धबधब्याच्या वळणावर गाडी थांबवायला पूर्ण बंदी, गाड्या वर आणि खाली दोन्हीकडे आधीच तयार असलेल्या जागांवर, सड्याला हात न लावता, तिथून एसटीची किंवा गावातल्या गाड्यांची ये-जा. वर-खाली दोन पाणी बघणारे, शिट्टी, वॉकीटॉकी, कातळावर लाल रेघ. कपडे बदलायला तात्पुरत्या केबिन आणि त्यावर बसणाऱ्या दोन बाया, पगार तिकिटातून. हिशेबाचा फळा. संध्याकाळी बंद. म्हणजे जे माणसांनी होतं ते आधी करायचं, एक सीझन चालवून बघायचं आणि मग कळेल की पक्कं काय आणि कुठे बांधायचं. दुसऱ्या वर्षी बंद टाकीचे संडास, समोरचा पट्टा, उभ्या गजांचा कठडा आणि पायऱ्यांची दुरुस्ती.

एक अडचण मात्र सुटत नाहीये. खालून सावंतवाडीकडून येणाऱ्या गाड्यांना घाटात थांबायला सपाट जागाच नाही, त्यांना धबधबा ओलांडून वर गावात जावं लागणार आणि परत खाली यावं लागणार. मग लोक ऐकतील का?

जांभादगड

मसुदा चांगला झालाय, पहिलं वर्ष बिनबांधकामाचं ही कल्पना तर फारच आवडली, इंजिनिअर असूनही सांगतो. खालच्या गाड्यांचं म्हणाल तर घाट रुंद करून जागा काढा असं चुकूनही लिहू नका, डोंगर कापला की तिथून दरड येणार. दाणोलीला घाट लागायच्या आधीच थांबवता येईल का बघा, तिथे सपाटी आहे आणि बसची फेरी तिथूनच सुरू करता येईल. आजारी माणसाची गाडी, स्थानिक आणि सरळ पुढे आजरा-बेळगावला जाणारे यांना अडवायचं नाही, फक्त वळणावर थांबू द्यायचं नाही. आणि तिथे पोलीस एक नाही, दोन लागतील, धुक्यात एका टोकाचं दुसऱ्याला दिसत नाही.

बेळगावची_मी

केबिनमध्ये खुंटी आणि आतून कडी लिहिलीत का? मसुद्यात दिसली नाही. आणि त्या दोन बायांना बसायला छप्पर, रेनकोट आणि त्यांच्यासाठीही संडास, दिवसभर त्या कुठे जाणार?

वाडीचा_पाऊस

लिहिलं ताई, आत्ताच घातलं दोन्ही.

घाटातली_टपरी

काल आम्ही टपरीवाले बसलो होतो, मोबाईलवर सगळं वाचून दाखवलं. बसला विरोध नाही म्हणतात सगळे, पण बस धबधब्याच्या तोंडाशी उतरवून तिथूनच परत उचलणार असेल तर नाही. उतरायचा थांबा वरच्या अंगाला आणि चढायचा थांबा टपऱ्यांच्या खालच्या अंगाला घ्या, म्हणजे माणूस भिजून, गारठून आमच्या समोरून चालत बसकडे जाईल. चहा तेव्हाच लागतो. कागदी प्लेटी बंद करून स्टीलच्या वापरायला आम्ही तयार आहोत, धुवायला पाण्याचा नळ एकत्र द्या. एवढं दोन ओळींत निवेदनात घाला, मी सगळ्यांच्या सह्या शुक्रवारपर्यंत आणून देतो.